राखाडी कार्ड आणि आबांचं ‘बघू’

१२ जानेवारी, रविवार. सांगली

मयूरी म्हणाली, "आर्मीत जायच्या आधी दोन गोष्टी उरकून घे. दातांचं काम आणि क्रेडिट कार्ड." दात माझे धडधाकट आहेत. राहिलं कार्ड.

मयूरी ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. बेदाणा परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत आम्ही दोघी कागदपत्रं बघतो. पगार सारखाच, पण तिच्या पर्समध्ये चार कार्डं आहेत आणि गेल्या दिवाळीत तिने आईला पॉइंट्सवर विमानाने दिल्लीला नेऊन आणलं. तिचं म्हणणं असं की एप्रिलमध्ये मी चेन्नईच्या अकादमीत गेले की अकरा महिने ना पगाराची स्लिप, ना कुरिअर घ्यायला मोकळा वेळ. बँकेला दाखवायला नोकरी आहे तोवरच घ्यायचं, आणि घ्यायचं तर प्रवासाचं, चांगल्यातलं. पुढच्या मार्चपर्यंत दोन तिकिटांचे पॉइंट्स आरामात जमतात म्हणे.

पुढच्या मार्चमध्ये आमची पासिंग आउट परेड. त्या दिवशी आईवडील आपल्या पोराच्या खांद्यावर तारे लावतात. ते व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिलेत की आता सांगायची लाज वाटते. सगळ्यांचे वडील सफारीत नाहीतर सुटात. मला तिथे आबा हवेत, लाल पागोट्यासकट. इथे लिहायला काय जातंय, म्हणून लिहून टाकते: ते आले नाहीत तर मला त्या ताऱ्यांचा आनंद अर्धाच होईल.

पण आबांनी तीस वर्षांत मेंढरं सोडून एक रात्र बाहेर काढलेली नाही. बारावीला मी तालुक्यात पहिली आले तेव्हा वडूजच्या सत्काराला आले, हार बघितला आणि निघाले. पंधरा मिनिटं. आगगाडीने चेन्नई म्हणजे परेड धरून जाऊनयेऊन पाच दिवस. ते तर स्वप्नातही नको. विमानाने तीन दिवसांत होतं. म्हणून विमान, म्हणून कार्ड.

१९ जानेवारी, रविवार

आज तळावर गेले. दिवाळीनंतर आमचं बिऱ्हाड घराबाहेर असतं. वडूजकडच्या आमच्या गावात तेव्हा चाराही नसतो आणि पाणीही. मग आबा कळप घेऊन इस्लामपूरकडे उतरतात. ऊस तुटलेल्या रानात रात्री मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, त्याबद्दल शेतकरी धान्य आणि थोडे पैसे देतो. जानेवारीपासून दादासोकाकांचं रान ठरलेलं. माझ्या जन्माच्या आधीपासून ठरलेलं.

तीन कार्डांची माहिती छापून नेली होती. काळं, निळं आणि राखाडी. आई कोकरांना पाजत होती. आबांनी कागद उलटे धरले, मग मला परत दिले.

"वाचून दाव."

मी काळ्यापासून सुरुवात केली, कारण मनातून मला तेच हवं होतं. जाड, चकचकीत, कुठल्याही विमानतळाच्या लाउंजमध्ये हवं तितक्या वेळा प्रवेश.

"लाउंज म्हंजे?"

"विमानाची वाट बघत बसायची खोली. आत जेवण फुकट."

"फुकट? आन वर्साला कार्डाचं किती?"

आकडा सांगितला. आईच्या हातून बाटली निसटली. "बोकड गेलं की गं एक!"

आबा हसले नाहीत. रान ठरवताना ते जसे विचारतात तसे एकेक विचारत गेले. पॉइंट किती दिवस टिकतात? मधेच कार्ड मोडलं तर आधीचे मिळतात की बुडतात? घरच्या माणसाला वेगळं कार्ड देतात का, त्याचे पैसे पडतात का? ऑफिसात मी तीन वर्षं करारनामे वाचते, आणि यातला पहिला प्रश्नही मला सुचला नव्हता. काळ्या कार्डाचे पॉइंट वर्षात बाद होतात, हे बारीक अक्षरांत खाली होतं.

"मंग नगं," आबा म्हणाले. "फलटनच्या वाटंला एकदा हिरवंगार बघून शिरलो हुतो. औषीद फवारल्यालं निगालं. अकरा मेंढरं गेली. ह्ये राखाडी बरं. दिसाय काय न्हाई, पर टिकतंय."

राखाडीचे पॉइंट संपत नाहीत, घरच्यांना दोन कार्डं मोफत, आणि लाउंज त्यावरही वर्षातून दोनदा मिळतो. मी मान्य केलं. मग हळूच विचारलं, "आबा, पुढच्या मार्चला परेडला याल न्हवं?"

"बघू."

आबांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. आत्या लग्नाला बोलवायची तेव्हाही ‘बघू’च असायचं.

२ फेब्रुवारी, रविवार

अर्ज भरला. खरं तर परवाच भरणार होते, पण फोनवर आबांनी विचारलं, "नोकरी सोडनार हायस, त्ये बँकेला सांगितलंयस का?" मी म्हटलं, कशाला सांगायचं, त्यांनी विचारलं तर सांगू. पलीकडे शांतता. आबांची शांतता ऐकायला फोनचे पैसे जास्त पडायला हवेत.

काल बँकेत जाऊन सांगून आले. तिथल्या बाईंनी अकादमीचं पत्र मागितलं आणि हसून म्हणाल्या की प्रशिक्षणातही भत्ता मिळतो, चालेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ज नामंजूर.

कारण वाचून आधी कळेनाच. ‘पत्ता पडताळणी अयशस्वी. घरास कुलूप. शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार कुटुंब जूनपर्यंत फिरतीवर.’

कायमचा पत्ता म्हणून मी गावचं घर लिहिलं होतं. बँकेचा माणूस वडूजहून मोटारसायकलवर तिथे गेला. शेजारच्या रंगुबाईंनी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "आता काय घावायची न्हाईत ती. मिरगाला या." हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं, आणि वर, "बरोबर सांगितलं न्हवं?" बरोबरच सांगितलं, काय बोलणार.

माझी नोकरी संपायला पाच आठवडे आहेत. मयूरी म्हणाली पुन्हा अर्ज कर. पुन्हा कुठला पत्ता लिहू? सांगलीतली कॉट बेसिसची खोली मी मार्चअखेर सोडणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज मी फार वाईट बोलले.

तळावर गेले, घडलेलं सांगितलं. आबा म्हणाले, "मंग कार्ड नगं, रेल्वे हाय की." आणि माझा तोल गेला. म्हटलं, शाळेच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना मास्तर हसायचे, जातीच्या दाखल्याला चार खेपा, आता हे. "लोकांची घरं असत्यात. आपल्याला साधा पत्ता न्हाई. आठ म्हैनं कुलूप!"

आई म्हणाली, "राणे, पुरं." आबा उठून मेंढरांकडे गेले. एसटीत बसेपर्यंत मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि मीही हाक मारली नाही. ज्या माणसाने मला याच आठ महिन्यांच्या फिरतीवर शिकवलं, वडूजच्या हॉस्टेलची फी एकदाही थकवली नाही, त्याला मी असं बोलले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी बँकेतून फोन. "तुमचे वडील इथे आले आहेत. त्यांच्याबरोबर एक गृहस्थ आहेत. जरा येता का?"

ऑफिसातून धावत गेले. मॅनेजरसमोरच्या खुर्चीत दादासोकाका ऐसपैस बसलेले. आबा उभे, पागोटं नीट बांधलेलं, खांद्यावर घोंगडी, चपला आत चालतात की नाही या विचारात त्या बाहेर काढून ठेवलेल्या. इस्लामपूरहून काकांच्या मोटारसायकलवर आलेले.

काका मॅनेजरला सांगत होते, "सायेब, ह्यो धुळा. माज्या बापाच्या टायमापासनं आमच्या रानात येतोय. संक्रांत झाली की तिसऱ्या दिवशी मेंढरं माज्या बांधाला. एक साल चुकल्यालं न्हाई. करोना हुता तवा बी आला. घर काय, घराला कुलूप लागतंय. पर मी आज डोळं झाकून सांगतो, सतरा जानेवारीला ह्यो मानूस कुटं आसतोय. तुमच्या कितीजनांचं आसं सांगता ईल?"

मॅनेजर मग म्हणाले, "पण नियमात बसायला हवं ना."

"बसवा की. आमी उठवतोय व्हय?"

शेवटी ठरलं: सध्याचा मुक्काम म्हणून काकांच्या शेताचा गट नंबर लिहायचा, काकांची सही, आणि बँकेचा माणूस तिथे येऊन फोटो काढणार.

बाहेर आल्यावर मला आबांची माफी मागायची होती. तोंडून निघालं, "जेवलाय का?" ते म्हणाले, "व्हय." खोटं होतं. तिघांनी स्टँडसमोर मिसळ खाल्ली. बोलून दाखवता येत नाही म्हणून इथे लिहिते: आबा, चुकलं माझं. 

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बँकेचा माणूस तळावर जाऊन आला. मी नव्हते, आईने फोनवर हसत हसत सगळं सांगितलं. त्याच्या मोबाईलला दाराचा फोटो हवा होता. दार नाही म्हटल्यावर तो अडला. आबांनी वाघरीच्या, म्हणजे कळपाभोवती लावायच्या जाळीच्या, उघड्या तोंडाशी उभं राहून सांगितलं, "आमी हितनंच आतभाईर करतो. काढा." त्याने काढला. जाताना कोकराबरोबर स्वतःचाही एक काढला.

१७ मार्च, सोमवार

कार्ड आलं! माझं एक, आईचं एक, आबांचं एक. संध्याकाळीच तळावर नेऊन दिली. आईने कपाळाला लावून कनवटीला खोचलं. आबांनी खूप वेळ बोटाने नाव चाचपलं.

"ह्ये माजं नाव?"

"व्हय. धुळा. हितनं सुरू होतंय."

ते चंचीत, पानतंबाखूबरोबर गेलं. मी म्हटलं, चुना लागेल. ते म्हणाले, "लागू दे की. टिकतंय न्हवं?"

मग त्यांनी विचारलं, त्या परेडीला माणसं बसतात कशी? खुर्च्यांवर की खाली? सगळे एकत्र, का साहेबलोकांच्या घरचे वेगळे? धोतरवाल्याला पुढे बसवतात का? येणार नाहीत आणि चौकशा मात्र खुर्च्यांच्या. मी म्हटलं, खुर्च्या मोजायला तरी या. "बघू."

२ एप्रिल, बुधवार. मिरज स्टेशन

गाडी अर्धा तास लेट आहे. ट्रंक, बूट, पांढरे कपडे, सगळी खरेदी राखाडी कार्डावर केली, पॉइंट पडले.

आई आलीय. मयूरी बेदाण्याची पाच किलोची पेटी घेऊन आलीय, जणू अकादमी उपाशी ठेवते. आबा नाहीत. आज कळप दुसऱ्या रानात हलवायचा होता. रस्त्यापर्यंत आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा." सकाळपासून तो एक शब्द घेऊन बसलेय. मिरज दीड तासावर आहे, तिथे येता आलं नाही. चेन्नईला कुठून येणार?

१४ सप्टेंबर, रविवार. चेन्नई

पाच महिन्यांत ही वही चौथ्यांदा उघडतेय. पायाची नखं काळी पडलीत. परवा रात्रीच्या नकाशाच्या परीक्षेत आमच्या तुकडीत मी पहिली आले. अंधारात रान वाचायचं म्हणजे काय हे इथल्या शहरी पोरींना नव्याने शिकावं लागतंय. मला आबांनी सातव्या वर्षी शिकवलं. फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "मंग? त्यात काय हाय?" आवाज मात्र खूश होता.

इथून निघाल्यावर कुठे पाठवतील माहीत नाही. दोन-तीन वर्षांनी बदली, पुन्हा नवा मुक्काम. रूममेट रडते यावरून. मला काहीच वाटत नाही.

१८ जानेवारी, रविवार

आजच्या फोनने डोकं फिरलंय. आबा यंदा दादासोकाकांच्या रानात गेलेच नाहीत! तीस वर्षांची वहिवाट सोडून सरळ कोल्हापूरला, विमानतळाजवळ उजळाईवाडीकडे कुणाचं तरी नवं रान धरलंय. आई म्हणते चारा बेताचाच आहे, वर विमानांच्या आवाजाने मेंढरं बिथरतात.

काकांना फोन केला. म्हटलं, आबांच्या वतीने माफी मागते. ते रागावलेले तर नव्हतेच, उलट हसत होते. "आगं, जाऊ दे गं. वयानं मानूस चळतोय कवाकवा." ज्या माणसाने बँकेत आबांसाठी अशी साक्ष दिली, त्याला चार पैसे जास्त मिळत असतील म्हणून सोडायचं? आबा असं करतील असं वाटलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

पॉइंट्सवर दोन तिकिटं काढली. कोल्हापूरहून हैदराबाद, तिथे चार तास थांबून चेन्नई. सहा मार्चला निघायचं, सातला परेड. आईला तीनदा समजावलं: हैदराबादला उतरलं की लाउंज विचारायचा, दोघांनी आपापलं कार्ड दाखवायचं, आत जेवायचं, भांडायचं नाही.

"आबा काय म्हणतात?"

"त्यास्नी काय इचारू नगंस," आई म्हणाली. आवाज दबका. "रोज पाटं त्या इमानाच्या गेटवर जाऊन बसत्यात. मानसं कशी जात्यात, काय दावत्यात, बघत बसत्यात. पोलिसानं नाव बी लिवून घेतलं."

आता हे नवीन! पोलिसात नाव गेलं तर मला इथे उत्तर द्यावं लागेल. आईला म्हटलं, त्यांना सांग, तिकडे फिरकायचं नाही. त्या मुक्कामात काय भूत शिरलंय कळत नाही.

फोन आबांनी घेतला. मी सरळ विचारलं, येताय ना? मग दोन्ही खांद्यांचं बोलले, एक खांदा आईचा, एक तुमचा. इतकं स्पष्ट मी त्यांच्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

आबांनी कुठल्याशा मेंढराला हाकललं. मग, "पागोट्याला काय म्हनत न्हाईत न्हवं तितं?"

"कुणी काही म्हणत नाही."

"बघू."

पाहुण्यांच्या यादीत दोन्ही नावं दिलीत.

६ मार्च, शुक्रवार

उद्या परेड. घरच्यांशी बोलता यावं म्हणून फोन आज दिवसभर आमच्याकडे आहेत.

सकाळी नऊला आबांना लावला. उचलला दादासोकाकांनी. मी चक्रावले. "काका? तुमी उजळाईवाडीत?"

"सहज आलोय. मेंढरं बघाय."

"आबा कुठायत?"

"त्यो व्हय? त्यो... गेलाय तिकडं. पान्यावर. फोन हितंच ठिवून." मागे मेंढरं ओरडत होती आणि काका कुणावर तरी खेकसत होते, "आरं त्या बोकडाला धर!" मग मला, "ठिवतो गं, काम हाय," आणि कट.

म्हणजे आबा पाण्यावर. आई एकटीच निघाली असणार. तिचा फोन बंद. तिला इंग्रजी येत नाही, हिंदी जेमतेम, आणि हैदराबादला विमान बदलायचंय. रंगीत तालमीत माझं पाऊल चुकलं, दोनदा ओरडा खाल्ला.

तीन वाजता खोलीत येऊन पलंगावर बसले. दुसऱ्या खांद्याला कुणाला उभं करायचं ते ऑफिसला कळवायला हवं होतं. कागद समोर घेतला. रूममेट म्हणाली तिचे वडील उभे राहतील. किती चांगली आहे ती. मी मान हलवली, पण नाव लिहिलं नाही.

तीन अठ्ठेचाळीसला बँकेचा मेसेज आला. हैदराबाद विमानतळ, दोन रुपये. लाउंजमध्ये शिरताना कार्ड चालतंय का हे बघायला दोन रुपये कापतात. शेवटचे चार आकडे आईच्या कार्डाचे. पोचली म्हणजे, बरोबर जागी, एकटीने. इतका अभिमान वाटला तिचा. आता जेवेल.

फोन उलटा ठेवला. पेनचं टोपण काढलं.

तीन बावन्नला तो परत वाजला.

हैदराबाद विमानतळ. दोन रुपये. आकडे आबांच्या कार्डाचे.

मी पुन्हा पुन्हा वाचले. चारही आकडे बोटाने धरून वाचले. विमानतळाशेजारचं रान, पहाटे गेटवर बसून शिकणं, काकांचं हसणं आणि आज मेंढरं सांभाळायला येणं, सगळं एकदम कळलं, आणि मी इतकी हमसून रडले की रूममेट घाबरून वॉर्डन मॅडमना घेऊन आली. त्या दारातून म्हणाल्या, काय झालं, घरून काही वाईट बातमी आहे का?

मी उठून ताठ उभी राहिले आणि सांगितलं, "नाही मॅडम. माझे वडील हैदराबादला जेवायला बसलेत."